अमिगाची आघाडी कुठे गेली?

१९८५ साली कमोडोरचा अमिगा १००० आला तेव्हा त्यात ४०९६ रंग, चार चॅनेलचा स्टिरिओ आवाज आणि खरंखुरं मल्टिटास्किंग होतं. तेही घरगुती संगणकात! जे मायनर यांच्या चमूने चित्र आणि आवाजाचं काम वेगळ्या चिप्सवर सोपवल्यामुळे मुख्य प्रोसेसर बराच मोकळा राहायचा. ही आघाडी कंपनीने हातची घालवली, याची मला आजही हळहळ वाटते. १९८८ मध्ये काम सुरू झालेला अमिगाचा नवा ‘एएए’ चिपसेट बाजारात आलाच नाही. १९९२ च्या अमिगा १२०० मध्ये रंग वाढले, पण आवाजाची चिप तीच जुनी, ८ बिटांची. डिसेंबर १९९३ मध्ये पीसीवर ‘डूम’ हा खेळ आला. अशा खेळांना पडद्यावरचा प्रत्येक ठिपका थेट रंगवता यायला हवा; अमिगात मात्र एका ठिपक्याचे बिट वेगवेगळ्या थरांत विखुरलेले. एप्रिल १९९४ मध्ये कमोडोर बुडाली.