सगळ्या वाटा जालन्यावरून

दिवाळीच्या सुट्टीत मराठवाड्याकडे निघालेली गाडी बहुधा वेरूळ-अजिंठ्याला वळते, नाहीतर समृद्धी महामार्गाने थेट नागपूर गाठते. मध्ये जालन्याची पाटी येते आणि मागे पडते. मला याचं फार वाईट वाटतं. गेली दोन हजार वर्षं या पठारावरून ज्याला ज्याला कुठे जायचं होतं, तो इथे थांबलेला आहे. पैठणहून उत्तरेकडे माल नेणारे व्यापारी थांबले, मोगलांचे सरदार थांबले, शिवाजी महाराज आले, पुढे इंग्रजांची पलटण आली. न थांबता जाणारे आपणच पहिले. म्हणून या सुट्टीत तीन दिवस काढा आणि मुक्काम जालन्यातच करा.

समुद्रसपाटीपासून पाचेकशे मीटर उंचीवरचं हे शहर कुंडलिका नदीच्या दोन काठांवर वसलं आहे. एकीकडे जुना जालना, पलीकडे कादराबाद आणि नवा जालना. 'जालना, सोने का पालना' ही म्हण इथे अजून तोंडी आहे. कापड, रेशीम, धान्य, कापूस या साऱ्यांची ही जुनी पेठ. मलिक अंबरच्या काळात इथला कारभार पाहणाऱ्या जमशेदखानाने तलाव बांधला आणि जमिनीखालच्या नळांनी त्याचं पाणी शहरातल्या हौदांपर्यंत खेळवलं. तो मोती तलाव आजही शहराच्या फिरण्याची जागा आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या या शहरात त्या काठावर उभं राहिलं की जुन्या माणसांच्या शहाणपणाला हात जोडावेसे वाटतात. निजामाच्या काळात १७२५ साली काबिलखानाने बांधलेल्या किल्ल्याचा बालेकिल्ला म्हणजे मस्तगड. आता त्याच्याभोवती वस्ती दाटली आहे, पण नदीच्या बाजूने पाहिलं तर त्याची जागा किती विचाराने निवडली होती ते कळतं. जुन्या जालन्यातल्या आनंदी स्वामींच्या मठात आषाढी एकादशीला मोठी यात्रा भरते. एरवी गेलात तर तिथे निवांत बसता येतं.

या पेठेची श्रीमंती किती होती, याचा पुरावा १६७९ सालचा आहे. मोगल सरदार दिलेरखानाने विजापूरला वेढा घातला होता. त्याचं लक्ष उडवायला महाराज मोगली मुलखात शिरले आणि नोव्हेंबरात जालन्यावर आले. पेठ लुटून लुटीचं ओझं घेऊन परतताना संगमनेरजवळ मोगल फौजेने त्यांना गाठलं. मराठा सरदार सिधोजी निंबाळकर त्या लढाईत पडले. महाराजांचे हेर बहिर्जी नाईक यांनी आडवाटेने महाराजांना पट्टागडावर नेलं, तिथे त्यांनी विसावा घेतला आणि त्या गडाचं नाव विश्रामगड झालं. महाराजांची ही शेवटची मोठी मोहीम. पुढच्या एप्रिलात ते गेले. विश्रामगड चढणाऱ्या किती ट्रेकर्सना ती वाट जालन्यापासून सुरू झाली हे ठाऊक असतं?

इंग्रजी अमदानीत १८२७ साली हैदराबाद कंटिन्जंटची छावणी इथे पडली, ती १९०३ मध्ये उठली. त्याच काळातलं शहराजवळचं बेथेल हे गाव मला महत्त्वाचं वाटतं. ब्राह्मण घरात जन्मून ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजामाचा दिवाण सालारजंग याने दिलेल्या जमिनीवर ते वसवलं. मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात या गावाचं नाव मानाने घेतलं जातं.

पहिला दिवस असा शहरातच सरेल. दुसरा दिवस मात्र उत्तरेसाठी राखून ठेवा, आणि पहाटे निघा. जालन्याहून पंचवीसेक किलोमीटरवर राजूर. अंगारकी चतुर्थीला इथल्या महागणपतीच्या दर्शनाला माणसांचा पूर येतो, त्यामुळे चतुर्थी टाळून गेलात तर गाभाऱ्यासमोर दोन मिनिटं जास्त मिळतात. तिथून पुढे केळणा नदीकाठचं भोकरदन. तालुक्याचं धुळकट गाव म्हणून कुणी सोडून देऊ नका. सातवाहनांच्या काळातलं भोगवर्धन ते हेच. सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत भोगवर्धनच्या लोकांचा उल्लेख येतो. म्हणजे इथली माणसं तेव्हा मध्य भारतापर्यंत जाऊन धर्मकार्याला हातभार लावत होती.

१९७०च्या दशकात नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा हस्तिदंताच्या एका स्त्रीमूर्तीचा खालचा भाग सापडला. इटलीत पॉम्पेई शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. तिथल्या एका घरात १९३८ साली वीतभर उंचीची हस्तिदंती मूर्ती मिळाली होती. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पायांतले जड वाळे, दोन्ही बाजूंच्या छोट्या दासी, उभं राहण्याची ढब, या साऱ्यांत दोन्ही मूर्ती इतक्या जवळच्या आहेत की पॉम्पेईची मूर्तीही याच मुलखातल्या कारागिरांची असावी, असं काही अभ्यासकांचं मत आहे. मराठवाड्यातल्याच तेरलाही अशीच एक मिळाली आहे. केळणेच्या काठी उभं राहून हे आठवावं. इथल्या एखाद्या कारागिराच्या हातचं काम बैलगाडीने बंदरावर, तिथून गलबताने रोमन मुलखात गेलं असेल, या विचाराने माझा ऊर भरून येतो.

याच नदीच्या अंगाने पुढे असई, इंग्रज-मराठ्यांच्या लढाईचं गाव. २१ सप्टेंबर १८०३ रोजी बदनापूरला इंग्रज सेनानी वेलस्ली आणि स्टीव्हन्सन भेटले. दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी जाऊन शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर मिळून चालून जायचं ठरलं. पण २३ तारखेला वेलस्लीला ती फौज ठरल्याच्या आधीच समोर दिसली. वाटाड्यांनी नदीला उतार नाही म्हणून सांगितलं. त्याने दुर्बिणीतून पाहिलं तर दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं. त्यांची ये-जा असणारच, तेव्हा उतारही असणार, हे त्याने ओळखलं आणि फौज पार केली. शिंद्यांचे गोलंदाज तोफांजवळून हटले नाहीत. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि शत्रू पुढे सरकताच उठून त्यांनी तोफा मागे फिरवून डागल्या. वेलस्लीने लढाई जिंकली, पण त्याची दीड हजारांहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली. जखमींना अजिंठ्याच्या इस्पितळात नेलं. पुढे वॉटर्लू जिंकून ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेल्या या माणसाला म्हातारपणी विचारलं, तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती, तर त्याने असईचं नाव सांगितलं. आपल्या गोलंदाजांना याहून मोठी पावती कुठली! आज तिथे कापसाची वेचणी चालू असते. शेताच्या बांधावर थांबून केळणेचा दुसऱ्या नदीशी संगम कुठे ते गावकऱ्यांना विचारा. ते कौतुकाने दाखवतात.

दुपार कलायच्या आत अन्व्याला पोहोचा, उजेड असताना. अजिंठ्याला जाणारे लाखो लोक जवळून जातात, पण बाराव्या शतकाच्या सुमाराच्या इथल्या देवळाकडे क्वचितच कुणाची गाडी वळते. आत शिवलिंग आहे, पण मंदिर मूळचं विष्णूचं. बाहेरच्या भिंतीवर विष्णूच्या शक्ती कोरल्या आहेत, त्या नीट पाहायला तासभर द्या. शंख, चक्र, गदा, पद्म ही चार आयुधं चार हातांत जितक्या प्रकारे अदलाबदल करून देता येतात ते प्रकार बरोबर चोवीस. संध्येत आपण केशव, नारायण, माधव अशी जी चोवीस नावं घेतो, ती या आयुधांच्या क्रमावरून ओळखायची. इथे ही आयुधं स्त्रीरूपांच्या हाती दिली आहेत. एखादी मूर्ती निवडा, खालच्या उजव्या हातापासून क्रम लावत जा आणि नाव शोधा. मुलांना सोबत नेलंत तर ती तुमच्याआधी ओळखतील. मूर्तींचे हात काही ठिकाणी तुटलेत, तिथे क्रम अर्धाच लागतो आणि मन हळहळतं. अशा देवळाजवळ माहितीचा नीट फलक आणि एक जाणता मार्गदर्शक असायलाच हवा.

तिसरा दिवस दक्षिणेचा आणि सावकाशीचा. अंबडला टेकडीवरची मत्स्योदरी देवी, गावात अहिल्याबाई होळकरांच्या आठवणी सांगणारी बांधकामं. तिथून घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ. १६०८ साली रामनवमीला सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण जन्मला, तो पुढे रामदास झाला. घराच्या जागी राममंदिर आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये इथल्या जुन्या पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या. दोन महिन्यांत पोलिसांनी त्या शोधून आणल्या, तेव्हा सगळ्या तालुक्याने सुटकेचा श्वास सोडला.

या वाटेवर दुतर्फा मोसंबीच्या बागा लागतात. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. दिवाळीच्या आगेमागे आंबिया बहराची तोडणी चालते. बहर धरायचा तर आधी झाडाचं पाणी तोडून त्याला ताण द्यावा लागतो. पाऊस अवेळी आला की ताण मोडतो आणि वर्षाचं गणित बिघडतं. दुष्काळात तर उभ्या बागा जळालेल्या या जिल्ह्याने पाहिल्या आहेत, आणि तरीही शेतकरी पुन्हा कलमं लावतो. बागेवरच चार किलो विकत घ्या. दुपारी रस्त्याकडेच्या खानावळीत बाजरीची भाकरी, येसर आमटी आणि ठेचा मागा. अन्व्याच्या दिवशी मात्र डबा आणि पाणी जालन्यातूनच बांधून घ्या, आणि असईला जाताना पायांत बूट घाला, काळ्या मातीत चपला रुततात.