कचारगड : पुस्तकं विकणारी जत्रा

मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर महाराष्ट्र संपता संपता दरेकसा नावाचं छोटं स्टेशन लागतं. पुढचं बोरतलाव छत्तीसगडात. डोंगर, दाट जंगल, धबधबा बघायला येणारे पावसाळी सहलीवाले, एवढीच या भागाची एरवीची ओळख. माघ पौर्णिमेच्या सुमाराला मात्र सालेकसा तालुक्याच्या या कोपऱ्यात, धनेगावाजवळच्या कचारगड गुहेपाशी, पाच दिवसांचं एक शहर वसतं. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा, झारखंड इथून गोंड माणसं येतात. गर्दी लाखांच्या घरात जाते. बहुतेकांच्या डोक्याला पिवळा फेटा किंवा गळ्यात पिवळा गमछा असतो. भेटल्यावर नमस्कार 'जय सेवा' असाच होतो.

शहर म्हटलं की त्याला पेठा आल्या. कचारगडच्या बाजारातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी पेठ खाण्याची नाही, कपड्यांचीही नाही. ती पुस्तकांची आहे. गोंडी व्याकरण, गोत्रांची माहिती, लिंगोची कथा, राणी दुर्गावती आणि बाबुराव शेडमाके यांची चरित्रं, गोंडी दिनदर्शिका. हिंदीत, मराठीत, थोडी गोंडीत. जिल्ह्याच्या ठिकाणच्या मोठ्या दुकानातही सहसा न मिळणारी ही पुस्तकं इथे जमिनीवर ताडपत्री अंथरून मांडलेली असतात आणि घेणारा ती उभ्याउभ्या चाळत बसत नाही, सरळ पिशवीत टाकतो. महाराष्ट्रात जत्रा पुष्कळ. पुस्तकांच्या आधाराने उभी राहिलेली जत्रा विरळा.

त्याचं कारण जत्रेच्या जन्मात आहे. गुहेची कथा जुनी आहे, पण देशभरातून लोक जमण्याची आजची रीत १९८०च्या दशकातली. ती बसवली ती शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या गोंडांनी. त्यातले मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५) नागपूरला रिझर्व्ह बँकेत होते आणि उरलेला वेळ गोंडी भाषा, देवस्थानं, पुराकथा यांच्या शोधात घालवत. 'पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन' हा त्यांचा ग्रंथ या चळवळीचा पाया मानला जातो. सुन्हेरसिंह ताराम यांनी 'गोंडवाना दर्शन' हे मासिक वर्षानुवर्षं चालवलं. कवयित्री उषाकिरण आत्राम या त्यांच्या सहचारिणी. मासिकाच्या कामात त्याही होत्या. कंगालींच्या काही मांडण्यांवर, विशेषतः सिंधू लिपी गोंडीतून वाचण्यावर, अभ्यासकांचे आक्षेप आहेत आणि मला ते रास्त वाटतात. पण विखुरलेल्या समाजाला एका डोंगरापाशी दरवर्षी एकत्र आणण्याचं काम त्यांनी केलं, याला आक्षेप कोण घेणार?

कथा अशी : काली कंकालीची तेहतीस मुलं शंभूने या गुहेत कोंडली आणि दारावर शिळा लावली. पारी कुपार लिंगोने त्यांच्या सुटकेचा मार्ग शोधला, जंगो रायताडने मुलांचा सांभाळ केला. शिळा हलवली ती हिरासुका पाटालीर या वादकाने. त्याच्या किंगरी या वाद्याच्या सुरांनी पोरांच्या अंगात बळ आलं, शिळा निसटली आणि तिच्याखाली खुद्द हिरासुका गेला. सुटलेल्या मुलांना लिंगोने धर्म शिकवला, गोत्रं वाटून दिली. एखाद्या समाजाच्या उगमकथेत पहिला बळी वादकाचा असावा, हे मला फार बोलकं वाटतं. जत्रेतल्या ढोलांकडे नुसती करमणूक म्हणून बघू नये, ते यासाठीच.

गोत्रं साडेसातशे असं मानतात, म्हणून झेंड्यांवर, गाड्यांच्या काचांवर '७५०' दिसतं. प्रत्येक गोत्राने एक झाड, एक प्राणी, एक पक्षी राखायचा. गोंड चित्रांत हरणाच्या शिंगांतून झाड का फुटतं, याचा थोडा उलगडा इथे होतो. त्या चित्रांची गोष्टही सांगायला हवी. १९८१च्या सुमाराला चित्रकार जे. स्वामीनाथन यांच्या भोपाळच्या भारत भवनच्या चमूला मध्य प्रदेशातल्या पाटणगढच्या भिंतींवर जनगढसिंह श्याम यांची चित्रं दिसली. जनगढ परधान, म्हणजे बाना वाजवून गोंड यजमानांच्या वंशकथा गाणाऱ्यांपैकी. आज ती शैली दिल्ली-मुंबईच्या दालनांत, उशांच्या अभ्र्यांवर, चहाच्या कपांवर विकली जाते. विकत घेणारा क्वचितच गोंड असतो. कचारगडच्या बाजारात उलट आहे : माल साधा, छपाई कधी कधी फिकट, पण गिऱ्हाईक घरचं. गोंडांचा सातरंगी झेंडा माणूस दिवाणखाना सजवायला नेत नाही, घरावर लावायला नेतो.

खाण्याचं म्हणाल तर शहरी जिभेसाठी इथे फारसं काही नाही. भजी, चहा, जत्रेतली मिठाई असतेच. खरी चूल कुटुंबांची. तीन दगड मांडून भात शिजतो. मोहाचा बहर मार्च-एप्रिलचा, त्यामुळे माघात मिळतील ती गेल्या वर्षीची सुकवलेली फुलं.

गुहा 'आशियातली सर्वांत मोठी' असल्याचं सगळीकडे छापलेलं आढळतं. कुणी मोजून ठरवलं कोण जाणे. ती प्रचंड आहे, आणि तेवढं पुरे.

या बाजारातलं मला सर्वांत बोचणारं पुस्तक म्हणजे गोंडीची अंकलिपी. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी लिपी तयार केली. तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१७ साली. पुढच्याच वर्षी तेलंगणातली गुंजाला गोंडी लिपीही आली. म्हणजे ही भाषा आता मोबाइलवर दोन लिप्यांत लिहिता येते. २०११च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांहून अधिक होते. तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही. संथाळीला ते २००३ साली मिळालं.

जायचं असेल तर माघ पौर्णिमेच्या आधीच पोचा, दरेकसाला गाडी थांबते का ते आधी पाहा आणि मुक्कामाची सोय स्वतः करून ठेवा. ही तीर्थयात्रा आहे; पूजेत घुसून फोटो काढू नका. पिशवी मात्र मोठी न्या, पुस्तकं जड असतात.