बर्फावरून परतल्यानंतरचे वर्ष

सिल्वासाजवळचे गलोंडा हे गाव आपल्यासारखेच एकेकाळी पोर्तुगीज अमलाखाली होते. १९५४ साली नगर हवेली मुक्त झाली, तेव्हा गोव्याच्या मुक्तीला अजून सात वर्षे अवकाश होता. त्या भागातील शेती मुख्यतः भाताची आणि तीही पावसावर विसंबलेली. सप्टेंबर सरत आला की हळवे भात पिकू लागते. नेमका त्याच सुमारास पाऊस कोसळला, तर उभे पीक आडवे होते आणि दाणा शेतातच कुजतो. सत्तरी किंवा पेडण्यातील शेतकऱ्याला हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही.

या परतीच्या दिवसांतील पावसाचा उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्राशी काही संबंध असू शकेल, अशी कल्पना काही वर्षांपूर्वी कोणी मांडली असती तर ती हसण्यावारी गेली असती. मात्र २०२१ साली वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी नॉर्वेतील सहकाऱ्यांसह एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. उन्हाळ्यात आर्क्टिकच्या कारा समुद्रावरील बर्फ घटणे आणि भारतात मोसमाच्या अखेरीस, विशेषतः सप्टेंबरमध्ये, अतिवृष्टीच्या घटना वाढणे यांच्यात दुवा असावा, असे त्यात मांडले आहे. उघड्या पडलेल्या समुद्राची उष्णता वातावरणाच्या वरच्या थरांतील प्रवाह बदलते आणि त्या बदलाचे पडसाद पार आपल्यापर्यंत उमटतात, असा तो तर्क. तो अंतिम नाही. विज्ञानात काहीच अंतिम नसते. तो तपासून पाहण्यासाठी मात्र वर्षानुवर्षांची मोजमापे लागतात, आणि ती घेणारी, जपणारी, पडताळणारी माणसे लागतात.

ही माणसे बहुतेक वेळा पंचविशी-तिशीतली असतात. जहाजाच्या डेकवर कुडकुडत नमुन्यांच्या बाटल्या भरणारा, उपकरणाने नोंदवलेल्या लाखो आकड्यांतून चुकीचे आकडे वेचून काढणारा बहुधा संशोधक विद्यार्थी असतो. ध्रुवीय संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जहाज, हेलिकॉप्टर आणि बर्फात फडकणारा तिरंगा उभा राहतो. या विद्यार्थ्याच्या निर्वाहाचे काय, त्याला किती काळ आधार मिळतो, हा प्रश्न क्वचितच पुढे येतो.

गोव्याने हा विषय परका मानण्याचे कारण नाही. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहूनच निघाली. डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखालील २१ जणांचा चमू ‘पोलर सर्कल’ या भाड्याच्या नॉर्वेजियन जहाजाने ९ जानेवारी १९८२ रोजी त्या खंडावर उतरला. पुढे ‘दक्षिण गंगोत्री’, १९८९ मध्ये ‘मैत्री’ आणि २०१२ मध्ये ‘भारती’ ही स्थानके उभी राहिली. आर्क्टिकमध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून ‘हिमाद्री’ आहे, तर हिमालयात स्पिती खोऱ्यात २०१६ पासून ‘हिमांश’. या साऱ्यांचा कारभार वास्कोच्या हेडलँड सड्यावरून चालतो. ते केंद्र १९९८ साली स्थापन झाले आणि त्याला आजचे नाव २०१८ मध्ये मिळाले.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. तरुण ध्रुवीय संशोधकाला पाठबळ द्यायचे म्हणजे त्याला बर्फापर्यंत पोहोचवायचे, असा सर्वसाधारण समज आहे. त्याची व्यवस्था भारतात बरी आहे. मोहिमेसाठी देशभरातील संस्था आणि विद्यापीठांकडून प्रस्ताव मागवले जातात. निवड झालेल्यांची दिल्लीच्या एम्समध्ये कसून वैद्यकीय तपासणी होते, उत्तराखंडातील औली येथे भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या देखरेखीखाली बर्फावर वावरण्याचे प्रशिक्षण मिळते. मग केपटाऊन आणि तिथून विमानाने अथवा जहाजाने अंटार्क्टिका. प्रवास, निवास, कपडे, जेवण यांचा भार शासन उचलते. घरची परिस्थिती बेताची असलेला विद्यार्थीही तिथे पोहोचू शकतो, ही गोष्ट लहान नाही.

खरी अडचण सुरू होते ती परतल्यावर. का, ते समजण्यासाठी बर्फाच्या एका नमुन्याचा प्रवास पाहू. अंटार्क्टिकाच्या बर्फात पोकळ यंत्राने खोल छिद्र घेतले की लांब नळकांड्यासारखा बर्फाचा गाभा बाहेर येतो. वर्षागणिक साचत गेलेल्या हिमाचे थर त्यात एकावर एक असतात, म्हणून तो गतकाळातील हवामानाची बखर ठरतो. हा गाभा वितळू न देता हजारो किलोमीटर दूर गोव्यात आणायचा, उणे २० अंशांच्या आसपासच्या शीतकक्षात ठेवायचा, करवतीने कापायचा, हाताळणीत दूषित झालेला बाहेरचा थर तासून टाकायचा आणि मग आतील शुद्ध भागाचे तुकड्यातुकड्याने पृथक्करण करायचे. प्राणवायूच्या समस्थानिकांवरून तापमानाचा अंदाज येतो. धुळीवरून आणि क्षारांवरून वारे आणि समुद्री बर्फाची स्थिती कळते. बाहेर मे महिन्याचा घाम आणि आत अंगावर ध्रुवीय कपडे, असे काम वास्कोत महिनोन्‌महिने चालते. अंटार्क्टिकावर घालवलेल्या काळापेक्षा या खोलीत अधिक थंडी सोसावी लागते, असे म्हटले तर ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या कामाचे वेळापत्रक विद्यावेतनाच्या वेळापत्रकात बसत नाही. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये, पुढील तीन वर्षे वरिष्ठ शिष्यवृत्ती म्हणून ४२,००० रुपये, हा जानेवारी २०२३ पासूनचा दर. घरभाडे भत्ता वेगळा. पाच वर्षांची बेरीज २४ लाख रुपये होते. पहिले वर्ष अभ्यासक्रमात आणि विषय ठरवण्यात जाते. अंटार्क्टिकावरील कामाचा उन्हाळी हंगाम नोव्हेंबर ते मार्च, वर्षातून एकदाच. दुसऱ्या वर्षी निवड झाली, तर नमुने हाती येईपर्यंत तिसरे वर्ष उजाडते. तिथेही ठरलेल्या दिवसांपैकी प्रत्यक्ष कामाचे किती मिळतील, हे संशोधक ठरवत नाही, हिमवादळ ठरवते. हेलिकॉप्टर उडू शकले नाही, ठरलेल्या जागी पोहोचता आले नाही, तर वाट पाहायची ती थेट पुढच्या वर्षाची. प्रयोगशाळेतील उपकरण बिघडले आणि सुटा भाग परदेशातून यायचा असला, तर आणखी काही महिने जातात.

महासाथीच्या काळात याची पराकाष्ठा झाली. चाळिसावी मोहीम जानेवारी २०२१ मध्ये गोव्याहून केवळ ४३ सदस्यांना घेऊन निघाली. स्थानकांवर इंधन, अन्न आणि सुटे भाग पोहोचवणे व हिवाळी चमूला परत आणणे हाच तिचा मुख्य हेतू होता. ते योग्यच होते, तिथल्या माणसांचे प्राण त्यावर अवलंबून होते. पण ज्याच्या प्रबंधाचा आधार त्या हंगामातील नमुने होते, त्याचे एक वर्ष गेले आणि शिष्यवृत्तीचे घड्याळ चालतच राहिले. त्यात विद्यावेतन वेळेवर हाती न पडल्याच्या तक्रारी देशभरातील संशोधक विद्यार्थी अधूनमधून करीत असतात. प्रयोगशाळेत हवामानाचा हजारो वर्षांचा हिशेब मांडणाऱ्याला महिन्याच्या खोलीभाड्याचा हिशेब जुळवता येऊ नये, हा विपर्यास आहे.

दीर्घकाळ टिकणारा आधार काय घडवतो, याचे उदाहरण आपल्याच भूमीवर आहे. डॉ. अदिती पंत यांचा जन्म १९४३ चा, नागपूरचा. घराणे औंधच्या पंतप्रतिनिधींचे. पुणे विद्यापीठाच्या पदवीनंतर ॲलिस्टर हार्डी यांचे ‘द ओपन सी’ हे पुस्तक त्यांच्या वाचनात आले आणि समुद्रविज्ञानाचा ध्यास लागला. अमेरिकी शासनाच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी हवाई विद्यापीठात प्लवकांच्या प्रकाशसंश्लेषणाचा अभ्यास केला, लंडनमध्ये सागरी शैवालांवर डॉक्टरेट मिळवली. मायदेशी परतल्या तेव्हा त्यांच्यासाठी कायमची नोकरी तयार नव्हती. मात्र वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची पूल योजना होती. परदेशात शिकून आलेल्या शास्त्रज्ञांना कायम पद मिळेपर्यंत मानधन देऊन एखाद्या संस्थेत काम करू देणारी ही योजना १९५८ पासून चालू होती. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संस्थापक संचालक प्रा. एन. के. पणिक्कर यांच्या प्रेरणेने त्या १९७३ साली ‘पूल ऑफिसर’ म्हणून गोव्यातील त्या संस्थेत रुजू झाल्या.

पुढची वर्षे त्यांनी वेरावळपासून कन्याकुमारीपर्यंतचा पश्चिम किनारा पिंजून काढला. दमणगंगा समुद्राला मिळते तो किनाराही याच टापूत येतो. या कामात प्रसिद्धी नव्हती. तिसरी भारतीय मोहीम डिसेंबर १९८३ मध्ये निघाली, तेव्हा त्यांच्या गोव्यातील कामाला दहा वर्षे झाली होती आणि वय चाळीस होते. भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. शाळेच्या पुस्तकांत हे पाऊल येते. त्याआधीची किनाऱ्यावरची दहा वर्षे आणि तो पूल योजनेचा साधा आदेश येत नाही. १९७३ साली ती जागा मिळाली नसती, तर १९८३ च्या जहाजावर त्यांचे नाव असते का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

पैशांखेरीज दुसरी एक गरज असते, ती जाणत्यांच्या सोबतीची. २००७-०८ च्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षाच्या निमित्ताने जगभरातील तरुण ध्रुवीय संशोधकांनी ‘एपेक्स’ ही स्वतःची संघटना उभी केली. निबंधाच्या परीक्षकांना उत्तर कसे द्यावे, मोहिमेचा प्रस्ताव कसा लिहावा, असे कोणत्याही अभ्यासक्रमात नसलेले ज्ञान ती ज्येष्ठांकडून तरुणांपर्यंत पोहोचवते. भारतातील तरुण संशोधकांचेही असे जाळे आहे. अंटार्क्टिक संशोधनाची आंतरराष्ट्रीय समिती ‘स्कार’ तरुणांना दुसऱ्या देशातील प्रयोगशाळेत काही महिने काम करण्यासाठी शिष्यवृत्त्या देते. भारत या समितीचा १९८४ पासून सदस्य आहे. या संधी लहान विद्यापीठांतील विद्यार्थ्यांपर्यंत वेळेत पोहोचत नाहीत. मुदत संपल्यावर सूचना फलकावर लागते, हा अनुभव कोणाला नवा आहे?

सोबतीची एक काळी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवू नये. एकाकी तळावर विद्यार्थी आपल्या वरिष्ठांवर पूर्णतः विसंबून असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात त्या देशाच्या अंटार्क्टिक तळांवर लैंगिक छळ ही गंभीर समस्या असल्याचे उघड झाले. तक्रार कोणाकडे करायची, हे निघण्यापूर्वीच ठाऊक असणे हा पाठबळाचाच भाग आहे. बर्फावरून मध्येच घरी परतता येत नाही.

मग काय करता येईल? पैशांची टंचाई हे उत्तर पटत नाही. ध्रुवीय कार्यक्रमासह पृथ्वीविज्ञानाच्या पाच योजना एकत्र करणाऱ्या ‘पृथ्वी’ या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०२४ मध्ये मंजुरी दिली, तिची तरतूद २०२१-२६ या काळासाठी ४,७९७ कोटी रुपयांची. कोची येथे २०२४ साली भरलेल्या अंटार्क्टिक कराराच्या बैठकीत ‘मैत्री’च्या जागी नवे स्थानक उभारण्याचा मनोदयही भारताने मांडला. जहाजे, इंधन आणि इमारतींवर मोठा खर्च अटळ आहे. त्या तुलनेत मोहिमेवर जाऊन आलेल्या संशोधक विद्यार्थ्याची वरिष्ठ शिष्यवृत्ती आणखी एक वर्ष चालू ठेवायची, तर सध्याच्या दराने माणशी ५ लाख ४ हजार रुपये आणि घरभाडे भत्ता एवढाच भार पडतो. हंगाम हुकला किंवा नमुने उशिरा आले, तर हे परतीचे वर्ष आपोआप मिळावे, अर्जविनंत्या करीत फिरावे लागू नये. केंद्राच्या पातळीवरचा हा निर्णय आहे, आणि माझ्या मते सर्वांत निकडीचा.

गोव्याच्या हातातही काही आहे. ध्रुवीय केंद्रातील अनेक संशोधक ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठाकडेच प्रबंध सादर करतात. म्हणजे सडा आणि ताळगाव यांच्यामध्ये वाट आहे, ती वापरातलीही आहे. पण आपल्या महाविद्यालयांतील पदवीच्या वर्गांपर्यंत ती पोहोचलेली दिसत नाही. भूशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांपैकी कोणत्याही विषयाचा विद्यार्थी या क्षेत्रात येऊ शकतो. त्याला पदव्युत्तर प्रकल्पासाठी काही महिने अशा प्रयोगशाळेत काढता आले, तर हे काम आपल्याला झेपते का, हे त्याला पाच वर्षे गुंतवण्याआधीच कळेल. न झेपणारा वेळेत दुसरीकडे वळेल, हाही लाभच.

पुढील आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष २०३२-३३ मध्ये आहे आणि त्याची आखणी जगभर सुरू झाली आहे. आज पणजीत, म्हापशात किंवा सिल्वासाच्या एखाद्या शाळेत बारावीत असलेली मुले तेव्हा पंचविशीच्या आसपास असतील. त्या मोहिमांवर ज्यांना जायचे असेल, त्यांच्या संशोधनाचे प्रस्ताव २०३० च्या सुमारास तयार असावे लागतील. त्यासाठीची पदव्युत्तर पदवी त्याआधी, आणि पदवीचा प्रवेश येत्या जूनमध्ये.