तेल गळणारी ‘स्लिपरी सॅम’

सोलापुरात आता दिसणारी ट्रायम्फ स्पीड ४०० मोटारसायकल चाकणला बजाज बनवते. पण ट्रायम्फचं नाव गाजलं ते आयल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी शर्यतीत. १९०८ मध्ये जॅक मार्शल एकसिलिंडर गटात जिंकला.

माझी लाडकी मात्र ट्रायम्फचीच ७५० सीसीची ‘स्लिपरी सॅम’! १९७० च्या बोल दॉर शर्यतीत इंजिनाचं तेल उडून स्वार पर्सी टेट पुरता माखला, म्हणून हे नाव. तीच गाडी १९७१ ते १९७५ सलग ५ वर्षं प्रॉडक्शन टीटी जिंकली! टीटीची एक फेरी सुमारे ६० किलोमीटरची, म्हणजे सोलापूर-पंढरपूरपेक्षा जरा कमी, तीही गावांतून, दगडी भिंतींच्या कडेकडेने. पुढे २००३ मध्ये ब्रूस ॲन्स्टी टीटीत ट्रायम्फ डेटोना ६०० वर जिंकला.

कुणाच्या घरी जुनी ट्रायम्फ असेल, तर फोटो नक्की टाका!