नकाशात खाण कुठे आहे?

खनिजशोधाच्या कोणत्याही अहवालात सगळ्यात आधी लागतो तो स्थाननकाशा. जागा नेमकी कुठे, जवळचे गाव, रस्ता, बंदर कोणते, हे त्यातून कळते. रेडीचे लोहखनिज, कासार्ड्याची सिलिका वाळू, कळण्याची खाण असलेल्या सिंधुदुर्गात हा नकाशा नीट वाचता येणे गरजेचे आहे.

पाया असतो भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशाचा. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. आपल्या किनाऱ्यावर एक अडचण आहे. १६ अंश अक्षांशाची रेषा मालवणच्या थोडी दक्षिणेकडून जाते आणि तिथेच जुन्या नकाशापत्रकांची मालिका बदलते. मालवण ४७ एच मध्ये, वेंगुर्ले ४८ ई मध्ये. दोन्ही पत्रके काळजीपूर्वक जोडावी लागतात. शिवाय जुन्या पत्रकांची मोजणी पृथ्वीच्या एव्हरेस्ट या गणिती आकारावर, तर जीपीएसची डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या आकारावर आधारलेली असते. रूपांतर न करता जीपीएसचा बिंदू या पत्रकावर मांडला तर तो शेकडो फूट सरकतो. म्हणजे शेजाऱ्याच्या काजूबागेतही जाऊ शकतो.

नकाशावर उत्तरदिशा, प्रमाणपट्टी आणि अक्षांश-रेखांश हवेतच. माझ्या मते विहिरी, वहाळ, देवराई, भरतीरेषा आणि १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याची हद्दही हवी. गट क्रमांकांशिवायचा नकाशा गावकऱ्याच्या उपयोगाचा नाही. खाणीच्या जनसुनावणीला जाल तेव्हा आपला सातबारा बरोबर न्या आणि त्यातला गट नकाशावर दाखवायला सांगा.