प्रतिस्पर्ध्याचा गडी आपल्या संघांत घ्यावा काय ?

हिंवाळ्यांत शेतांतील कामाची घाई थोडी ओसरली, कीं आमच्या तेल्हाऱ्याच्या आसपास गांवोगांव कबड्डीचे सामने सुरू होतात. सामन्यांसाठीं वर्गणी निघते आणि वर्गणीबरोबर एक जुना वादही निघतो. मागील वर्षीं ज्या चढाईपटूनें आपल्या संघास धूळ चारली, तो यंदा मोकळा आहे असें कानीं येतें. मग चार पैसे देऊन त्यासच आपल्याकडे कां आणूं नये? कोणी म्हणतो, कांट्यानें कांटा काढावा. कोणी विचारतो, तर मग आपल्या पोरांनीं वर्षभर मातींत अंग घासलें तें कशासाठीं ? हाच वाद आमच्या विद्यार्थ्यांतही मधून मधून रंगतो. आवाज चढतात, पण प्रश्नाची उकल होत नाहीं. म्हणून या विषयाचा शांतपणें विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे.

कबड्डी हा खेळ आम्हां वऱ्हाडवासीयांस परका नाहीं. अमरावतीचें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं स्थापन झालें व १९३६ सालीं त्याच मंडळाच्या तरुणांनीं बर्लिन येथें ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं आपले देशी खेळ करून दाखविले. त्यांत कबड्डीही होती. आपल्या आजोबांनीं हुतूतू म्हणून जो खेळ खेळला, त्याचा आज मोठा व्यवसाय झाला आहे. २०१४ सालीं प्रो कबड्डी लीग सुरू झाली व त्या वेळेपासून खेळाडूंचा लिलाव होऊं लागला. ज्या गड्याची मुदत संपली, किंवा ज्यास त्याच्या संघानें सोडिलें, तो मोकळा होतो आणि लिलावांत उभा राहतो. काल ज्यानें आपणांस हरविलें, तो आज आपलाही होऊं शकतो. एका संघानें सर्वच चांगले गडी गोळा करूं नयेत म्हणून खर्चास मर्यादा घातलेली असते. २०२३ सालच्या लिलावांत ही मर्यादा प्रत्येक संघास ५ कोटी रुपयांची होती. एकावर अधिक खर्च केला, तर इतरांच्या वांट्यास कमी येणार, हें उघड आहे.

आतां खेळाची घडण कशी आहे तें पाहूं. कारण आमच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर तींतच आहे. एका बाजूस सात गडी असतात. चढाई करणारा तीस सेकंदांच्या आंत जितक्यांस शिवून परत येईल, तितके गुण त्याच्या संघास मिळतात. तो पकडला गेला तर गुण समोरच्यांस मिळतो व तो बाद होऊन बाहेर बसतो. बाहेर बसलेला गडी स्वतःच्या बळावर आंत येऊं शकत नाहीं. त्याच्या सोबत्यांनीं समोरचा एक गडी बाद केला, म्हणजे एक गडी जिवंत होतो. आणि जो आधीं बाद झाला तो आधीं आंत येतो. यावरून काय दिसतें ? चढाईपटू कितीही चपळ असो, एकदां पकडला गेल्यावर त्याचें भवितव्य त्याच्या सोबत्यांच्या हातीं असतें. त्यांस प्रतिपक्षाचा गडी पकडतां आला नाहीं, दुसरा चढाईपटू दुबळा निघाला, तर लाखों रुपयांचा वीर बांकावर बसून संघाचा पराभव पाहात राहतो.

हें केवळ तर्कानें सांगत नाहीं. घडलेल्या गोष्टी तशाच आहेत. २०२१ सालीं परदीप नरवाल या नामांकित चढाईपटूस उत्तर प्रदेशाच्या यू. पी. योद्धा संघानें १ कोटी ६५ लाख रुपयांस घेतलें. त्यापूर्वीं पाटणा पायरेट्स संघानें जीं तीन अजिंक्यपदें मिळविलीं, त्यांत त्याचा वांटा फार मोठा होता. पाटण्याचा कणाच मोडला असें पुष्कळांस वाटलें. परंतु त्याच हंगामांत उपांत्य फेरींत पाटणा व यू. पी. समोरासमोर आले आणि जिंकला तो पाटण्याचा संघ. पुढें अंतिम सामन्यांत तो दिल्लीकडून अवघ्या एका गुणानें, ३७-३६ असा हरला. एक मोठा गडी गेला, तरी पकडीचें बळ शिल्लक होतें, आणि त्यानेंच संघास अखेरपर्यंत नेलें.

दुसरी गोष्ट २०२३ सालची आहे. त्या लिलावांत तेलुगू टायटन्स संघानें पवन सेहरावत या चढाईपटूसाठीं २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. मोठ्या रकमेचा तो उच्चांक होता. पवन गुणवान होता यांत शंका नाहीं, व आपल्या परीनें तो खेळलाही. पण बावीस सामन्यांपैकीं त्या संघास केवळ दोन जिंकतां आले आणि तो गुणतक्त्यांत तळाशीं राहिला.

तर मग बाहेरचा गडी घेणें हें नेहमींच चुकीचें काय ? असें म्हणणें घाईचें होईल. त्याच लिलावांत पुण्याच्या पुणेरी पलटण संघानें महंमदरेझा शादलुई या इराणी खेळाडूस २ कोटी ३५ लाख रुपयांस घेतलें. हा पूर्वीं पाटण्याकडे होता. रक्कम लहान नव्हती. मर्यादेच्या जवळजवळ निम्मी होती. परंतु पुण्याकडे चढाईसाठीं अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे असे तरुण आधींच तयार होते. म्हणून त्यांनीं आणखी एक चढाईपटू विकत न घेतां पकडींत निष्णात असा गडी घेतला. परिणाम असा झाला कीं, त्या हंगामांत शादलुई सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरला आणि १ मार्च २०२४ रोजीं हैद्राबाद येथें पुण्यानें हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून प्रथमच अजिंक्यपद मिळविलें. एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्या अंतिम सामन्यांत सर्वाधिक गुण मिळविणारा गडी पंकज मोहिते हा होता. पाहुण्यानें घराची भिंत भक्कम केली, पण चूल घरच्यांनींच पेटविली.

पुढें जें घडलें तें आमच्या प्रश्नास अगदीं नेमकें लागू पडतें. दुसऱ्या वर्षीं पुण्यानें शादलुईस सोडिलें. आणि ज्या हरियाणास त्यानें हरविलें होतें, त्याच हरियाणानें त्यास २ कोटी ७ लाख रुपयांस आपल्याकडे घेतलें. जखम देणाऱ्याच्याच हातीं मलमपट्टी सोंपविण्यासारखें हें होतें ! हरियाणाकडे जयदीप दहिया, राहुल सेतपाल यांसारखे बचावपटू व तरुण चढाईपटू पूर्वींपासूनच होते. २९ डिसेंबर २०२४ रोजीं, आणि तेंही पुण्याच्या बालेवाडींत, हरियाणानें पाटण्यास ३२-२३ असें हरवून आपलें पहिलें अजिंक्यपद मिळविलें. येथेंही अधिक गुण घेणारा नव्हता तो विकत आणलेला गडी, तर शिवम पटारे हा तरुण चढाईपटू होता. पुण्यास मात्र त्या हंगामांत बाद फेरीही गांठतां आली नाहीं. म्हणजे योग्य गडी सोडण्याचीही किंमत असते. तरी गोष्ट येथें संपत नाहीं. २०२५ सालीं शादलुई गुजरातकडे गेला, पण अजिंक्यपद कांहीं त्याच्या मागोमाग गेलें नाहीं. उलट आपल्या तरुणांस धरून बसलेला पुण्याचा संघ पुन्हां अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचला व दिल्लीकडून ३१-२८ असा हरला.

हा अनुभव केवळ कबड्डीचा नाहीं. अमेरिकेंत बास्केटबॉल या खेळांत २०१६ सालीं असाच प्रकार झाला. गोल्डन स्टेट संघानें ओक्लाहोमा संघाचा सात सामन्यांच्या झुंजींत निसटता पराभव केला होता. थोड्याच दिवसांत ओक्लाहोमाचा मोकळा झालेला आघाडीचा गडी केव्हिन ड्युरँट यास त्यानें आपल्याकडे घेतलें. २०१७ व २०१८ या दोन्ही वर्षीं तो संघ अजिंक्य ठरला. २०१९ सालीं ड्युरँट जायबंदी झाला, संघ अंतिम फेरींत हरला आणि तो दुसरीकडे निघून गेला. परंतु करी, थॉम्प्सन व ग्रीन हे, जे त्याच संघांत लहानाचे मोठे झाले होते, ते राहिले. आणि २०२२ सालीं त्यांच्या जोरावर गोल्डन स्टेटनें पुन्हां अजिंक्यपद मिळविलें. पाहुणा आला तेव्हां घराचें वैभव वाढलें. पाहुणा गेला तेव्हां घर पडलें नाहीं, कारण खांब घरचेच होते.

आमच्या वऱ्हाडांतील शेतकऱ्यास हें तत्त्व कोणी शिकवावयास नको. तो बाजारांत बैल घ्यावयास जातो तेव्हां एकट्या बैलाच्या शिंगांकडे व रंगाकडे पाहून भुलत नाहीं. गोठ्यांत जो उरलेला बैल आहे, त्याच्याशीं याची जोडी जमेल कीं नाहीं हें पाहतो. एक उंच व दुसरा ठेंगणा, एक तापट व दुसरा मंद असे जुंपले, तर जूं वाकडें होतें, तास सरळ जात नाहीं, आणि दोघांच्याही खांद्यास जखमा होतात. शेजाऱ्याचा बैल त्याच्या शेतांत डौलानें चालला म्हणून तो आपल्या शेतांतही तसाच चालेल, असें नाहीं. त्याच्या डौलांत त्याच्या जोडीदाराचाही वांटा असतो.

यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, प्रतिस्पर्ध्याचा गडी घेण्यापूर्वीं प्रत्येक संघानें स्वतःस तीन प्रश्न विचारावे. पहिला : आमच्यांत उणीव नेमकी कोणती, व ती हा गडी भरून काढील काय ? चढाई चांगली आणि पकड कच्ची असतां दुसरा चढाईपटू आणणें म्हणजे विहिरीस पाणी नसतां दोर लांब करण्यासारखें आहे. दुसरा : त्याच्यावर जो पैसा जाईल, त्यामुळें दुसरी कोणती गरज उपाशी राहील ? तिसरा, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा : त्याच्या येण्यानें आमच्यांतील कोणाची जागा जाईल, व ज्याची जागा जाईल तो उद्यां आमच्याजवळ राहील काय ? या तिन्ही प्रश्नांचें उत्तर समाधानकारक आलें, तर त्यास आनंदानें बोलवावें. केवळ गेल्या वर्षींच्या पराभवाची आग मनांत धुमसते म्हणून बोलवावयाचें असेल, तर तो सौदा बहुधा महाग पडतो. सूड हा चांगला हिशेबनीस नव्हे.

खेळाडूच्या बाजूनेंही दोन शब्द लिहिणें न्यायाचें होईल. जो गडी दुसऱ्या संघांत गेला, त्यास फितूर म्हणण्याची वाईट खोड प्रेक्षकांस लागली आहे. कोल्हापूर जिल्ह्यांतील सिद्धार्थ देसाई हा यू मुंबा संघांत ३६ लाख ४० हजार रुपयांवर खेळला. दुसऱ्याच वर्षीं, २०१९ सालीं, तेलुगू टायटन्सनें त्यास १ कोटी ४५ लाख रुपये दिले. खेळाडूचें आयुष्य मैदानावर थोडेंच असतें. एक गुडघा दुखावला कीं कमाई थांबते. मुदत पुरी करून, दिलेला शब्द पाळून जो मोकळा झाला, त्यानें आपल्या घरच्यांचा विचार केला तर त्यांत पाप नाहीं. दोष असेल तर तो मुदत चालू असतां आंतून बोलणें लावणाऱ्यांचा आहे.

आतां आमच्या शाळेचा व गांवाचा प्रश्न. धंद्याच्या संघांचा हेतु सामना जिंकणें हा असतो. शाळेच्या संघाचा हेतु मुलगा घडविणें हा आहे. म्हणून तिसऱ्या प्रश्नाचें वजन येथें सर्वांत अधिक. दुसऱ्या शाळेंतील एखादा चपळ मुलगा वडिलांची बदली झाली म्हणून, किंवा शिक्षणाची सोय हवी म्हणून आमच्याकडे आला, तर त्याचें स्वागत आहे. त्यानें संघाच्या निवडींत इतरांप्रमाणेंच उतरावें व गुणांवर जागा मिळवावी. परंतु केवळ ढाल जिंकण्याकरितां त्यास फूस लावून आणणें आम्हांस मान्य नाहीं. अशा रीतीनें आणलेला मुलगा सामना संपतांच उपरा ठरतो. आणि जो आपला मुलगा रोज पहांटे मैदान झाडीत आला, पाणी शिंपडीत आला, तो ऐन सामन्याच्या दिवशीं रेषेबाहेर उभा राहून टाळ्या वाजवितो. त्या ढालीकडे पाहून त्यास काय वाटत असेल, याचा विचार पालकांनींही करावा. गांवच्या मंडळींसही आमची नम्र सूचना आहे, कीं बाहेरच्या गड्यास द्यावयाच्या वर्गणींतील निम्मे रुपये गांवांतील मुलांच्या बुटांसाठीं, मातीसाठीं व एखाद्या जाणत्या शिक्षकासाठीं खर्चून पाहावे. फळ एका वर्षांत दिसणार नाहीं. पण पुण्याच्या तरुणांचें फळही एका वर्षांत दिसलें नव्हतें.

विद्यार्थिमित्रहो, प्रतिस्पर्ध्याच्या उत्तम गड्याकडून घेण्यासारखी एक गोष्ट असते व तिला मोल पडत नाहीं. तो चढाईस पाऊल कसें टाकतो, माघार केव्हां घेतो, पकडला गेला तरी रेषेकडे हात कसा लांबवितो, तें नीट पाहावें आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे आपल्या मैदानावर करून पाहावें. तो स्वतः आपल्याकडे आला नाहीं तरी त्याची कला आपल्याकडे येऊं शकते. आणि ती एकदां अंगीं मुरली, कीं कोणत्याही लिलावांत ती आपल्यापासून कोणास नेतां येत नाहीं.