सोसायटीजवळची मोरी: वरून संथ, खालून ओढ

आज बोलूया मोरीबद्दल. घरातली नाही हां, रस्त्याखालून नाल्याचं पाणी नेणारी.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईची जुनी पावसाळी गटारं तासाला साधारण २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेली. नंतरच्या कामांत ५० चं माप धरलं. पण माप कितीही वाढवा, मोरीच्या तोंडाशी प्लास्टिक नि फांद्या अडकल्या की पाणी मागे तुंबणार आणि सोसायटीत शिरणार.

खरा धोका पुढे आहे. तोंड बुडालं की वरून पाणी संथ दिसतं, खाली मात्र जोरात ओढ असते. अडथळा एकदम सुटला, तर पाण्याबरोबर माणूसही आत खेचला जातो. म्हणून मी सांगतो, काठी घेऊन उतरू नका. मॅनहोलचं झाकणही उघडू नका, पाण्याखाली ते भोक कुणालाच दिसत नाही.

मग करायचं काय? मे महिन्यातच गाळ काढून घ्या आणि लगेच उचलायला लावा. काठावर ठेवला तर पहिल्याच सरीत परत आत! झाकणांखाली जाळी आहे का तेही बघा. पावसात मात्र लांब थांबा आणि फोन लावा. मुंबईत नंबर आहे १९१६.